अढीतली बाटली

शालिनीकाकी जवळून जाणार असल्या की आधी पेंढ्याचा वास येतो आणि मग काकी येतात. भाताच्या कोरड्या पेंढ्याचा, त्यात दडपलेल्या चिकूच्या किंचित उष्ण, किंचित जड गोडीचा तो वास त्यांच्या पदरात इतका भिनला आहे की डहाणूच्या बाजारात त्या दिसण्याआधी मला कळतात. डिसेंबरात समुद्रावरचा वारा आगरच्या किनाऱ्यावरच्या सुकत्या मासळीचा दर्प घेऊन बागांमधून हिंडत असतो, आणि सकाळचं ऊन चिकूच्या गर्द पानांतून खाली उतरायला बराच वेळ घेतं. ते जमिनीवर पोचतं तोवर त्याचे लहान लहान कवडसे झालेले असतात. त्या कवडशांत काकी वाकून, एक हात गुडघ्यावर टेकवून, तोडलेल्या फळांचा ढीग निवडत बसलेल्या असतात. फळ हातात घ्यायचं, देठापाशी अंगठ्याने हलकेच दाबायचं आणि क्षणभर डोळे मिटायचे. आमच्या कुंपणाला लागून त्यांची बाग, त्यामुळे ते मिटलेले डोळे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. देवापुढे उभं असताना त्या डोळे मिटत नाहीत, तिथे इकडेतिकडे बघतात. फळापुढे मात्र मिटतात.

घराच्या मागच्या अंगाला अढीची खोली आहे. एकच लहान खिडकी, तिलाही गोणपाट लावलेलं. आत पाऊल टाकलं की डोळ्यांना काही दिसत नाही, पण गालांना ऊब लागते. जणू अंधारात कुणीतरी मोठं, शांत जनावर श्वास घेत बसलं आहे. हिवाळ्यात तिथे चिकू असतात, मे महिन्यात आंबे. कार्बाइडची पूड टाकून फळ पिकवणाऱ्यांविषयी काकी वाईट बोलत नाहीत, त्या त्यांच्याविषयी बोलतच नाहीत. पेंढ्याचा थर, फळांचा थर, पुन्हा पेंढा, आणि अधूनमधून हात आत घालून फळं पालटायची, म्हणजे एकाच अंगावर पडून राहून ती दबत नाहीत. जे कच्चं आहे त्याला अंधार द्यावा, ऊब द्यावी आणि घाई करू नये. एवढ्या भांडवलावर काकींनी बाग सांभाळली, मुलगी वाढवली आणि भाईंबरोबर संसार केला.

मराठीत अढी या शब्दाची दोन घरं आहेत. एका घरात फळ पिकतं, दुसऱ्या घरात मन आंबतं. पेंढ्यातही अढी असते आणि मनातही असते, आणि दोन्हींत जे आत घातलं ते झाकलेलं राहतं, एवढंच त्यांचं नातं. काकींची अढी पहिल्या घरातली. भाईंची दुसऱ्या.

भाई म्हणजे काकींचे यजमान. त्यांना जाऊन काही वर्षं झाली. ताठ माणूस, आवाज मोठा, मिशीला तेल. रोज सकाळी पडवीच्या खांबाला टांगलेल्या मडक्यातून ते ताडी घेत, आणि त्यांच्या मते ताडी हा झाडाचा रस होता, दारू हा चारित्र्याचा प्रश्न. या भागात असा विचार करणारे ते एकटे नव्हेत. काकींचं माहेर तलासरीकडे. तिथून पुढे रस्ता गुजरातेत शिरतो आणि हद्द ओलांडताच दारूबंदी लागते, म्हणून हद्दीच्या अलीकडच्या बाजूला संध्याकाळी पलीकडून प्यायला आलेली फार सोवळी माणसं भेटतात. भाईंच्या तत्त्वांची हद्दही अशीच कुठेतरी घरातूनच जात होती. फक्त ती नेमकी कुठून जाते हे त्यांना रोज नव्याने ठरवता येत असे.

त्यांची एकुलती एक मुलगी नीता फळप्रक्रियेचं शिक्षण घ्यायला इटलीत गेली आणि तिथेच तिने लग्न केलं. भाई लग्नाला गेले नाहीत, म्हणून काकींनाही जाता आलं नाही. जावयाचं नाव पावलो. आता या नावाला इटलीत काय अर्थ असेल तो असो, पण डहाणूत माणसाने दारात येऊन 'पावलो' म्हटलं की ऐकणाऱ्याला देवच बोलल्यासारखं वाटतं. भाईंनी ही संधी सोडली नाही. जो येईल त्याला ते सांगत, "नवस कुणी बोललं नव्हतं, तरी हा आपला पावलो." माणसं हसत. काकी स्वयंपाकघरात हसत नसत.

नीताबरोबर पावलो पहिल्यांदा घरी आला तेव्हा मीही गेलो होतो. उंच, लाजरा, उन्हाने कान लालबुंद झालेला तो माणूस पडवीत मांडी घालून बसायची पराकाष्ठा करत होता आणि त्याचे गुडघे त्याचं ऐकत नव्हते. पानात उकडहंडी होती. त्याने ती एकाग्र होऊन खाल्ली, रताळं वेगळं, वाल वेगळे, जणू कुणी त्याची परीक्षा घेणार होतं. जेवण झाल्यावर त्याने पिशवीतून एक बाटली काढली आणि दोन्ही हातांनी भाईंपुढे धरली.

ती त्याच्या वडिलांनी पाठवली होती. धुक्याच्या डोंगरांतल्या एका जुन्या, नावाजलेल्या द्राक्षमळ्याच्या तळघरात त्या माणसाचं सारं आयुष्य गेलं होतं. मळ्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना असल्या गोष्टी कळतात ते ते नाव उच्चारताना आवाज खाली आणतात, आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. निवृत्त होताना मालकांनी त्याला त्याच्या हातच्या शेवटच्या सालातली एक बाटली दिली. ती त्याने स्वतः ठेवली नाही. ज्या घराने आपल्याला मुलगी दिली त्या घरी ती जावी, असं त्याला वाटलं.

भाईंनी बाटलीला हात लावला नाही. म्हणाले, "घरात दारू नको." त्यांच्या डोक्यावर खांबाचं मडकं वाऱ्याने हळूच हलत होतं. पावलोला शब्द कळले नाहीत, पण आपले पुढे केलेले हात रिकामे होत नाहीत हे त्याला कळलं. थोड्या वेळाने त्याने ते मागे घेतले. मी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी ती दोघं ठरल्याआधीच निघाली. रिक्षा दारात उभी, भाई बागेत निघून गेलेले. मागच्या दाराशी नीताने ती बाटली आईच्या हातात दिली आणि घाईघाईने सांगितलं, "आई, ही आत्ता उघडायची नाही. त्याचे बाबा म्हणतात, अजून कच्ची आहे. अंधारात ठेव, आडवी ठेव. तयार झाली की आपण सगळे मिळून पिऊ."

वाईनच्या त्या अवस्थेला तिकडे काय म्हणतात मला ठाऊक नाही. कोवळी म्हणत असतील, मिटलेली म्हणत असतील. पण रिक्षावाला हॉर्न वाजवत असताना माणूस कोशात शोधत बसत नाही, आईच्या घरातला शब्द उचलतो. नीताने 'कच्ची' हा शब्द उचलला. आणि 'थंड' हा शब्द सांगायचा राहून गेला, कारण तिकडे तळघर म्हटलं की थंडावा त्यात आलाच. समुद्र म्हटल्यावर पाणी खारं असल्याचं आपण तरी कुठे वेगळं सांगतो?

तेव्हा काकींनी जे केलं त्याहून वेगळं त्यांच्या जागी कुणी केलं असतं असं मला वाटत नाही. वस्तू कच्ची आहे, तिला अंधार हवा, ती आडवी हवी. या घरात अशा वस्तूंसाठी एकच खोली होती.

हे सगळं आम्हाला फार पुढे कळलं. तोवर बाटली पेंढ्याच्या पोटात होती. चिकूच्या हंगामात चिकूंच्या शेजारी, वैशाखात आंब्यांच्या शेजारी, फळं येत होती, पिकत होती, जात होती, आणि ही एकच हट्टी पाहुणी मागे राहत होती. पालटायला हात आत गेला की काकी तिलाही पालटत. एका अंगावर राहून ती दबू नये म्हणून. एका मे महिन्यात त्यांना बुचापाशी चिकट ओल लागली आणि मुंग्यांची बारीक रांग दिसली, तेव्हा त्यांना आनंद झाला. मुंगी खोटं बोलत नाही. तिने वाट धरली म्हणजे फळाने गोडी धरली. त्यांनी फडक्याने बूच पुसलं, मुंग्या झटकल्या आणि पुन्हा पेंढा ओढला.

भाई गेले. पडवीतलं मडकं उतरलं. नीता दरवर्षी येऊ लागली, कधी एकटी, कधी पावलोबरोबर. बाटलीची आठवण निघे, काकी म्हणत, "आहे, आहे, होतेय," आणि नीताही हसून सोडून देई. दरम्यान त्या न पाहिलेल्या व्याह्यांशी काकींचं एक नातं तयार झालं होतं. काकी नीताबरोबर वाळवलेल्या चिकूच्या चकत्या पाठवत. तिकडून वाळवलेली अळंबी येई. ती कशी खायची हे काकींना कधी नीट कळलं नाही. वासाला मात्र त्या ती अधूनमधून घेत, डबा उघडून, डोळे मिटून, आणि म्हणत, "माणूस डोंगरातला असावा." नीता पहिल्यांदा आजारी पडली तेव्हा त्या माणसाने तिच्या उशाशी बसून रात्री काढल्या होत्या. मुलीने हे फोनवर सहज सांगितलं. काकींनी ते सहज ऐकलं नाही.

यंदा पावसाळा संपता संपता तो माणूस गेला. पावलोने फोनवर, आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत, सासूला एकच प्रश्न विचारला. बाबांची बाटली आहे का? काकी म्हणाल्या, आहे. आणि मग, आवाजात न मावणाऱ्या समाधानाने, तयार झाली असणार आता.

म्हणून डिसेंबरच्या त्या दुपारी आम्ही पडवीत बसलो होतो. मला बोलावणं होतं ते "तू वाचतोस, तुला त्यातलं कळेल" या कारणासाठी. मी वाईनविषयी वाचलं होतं हे खरं, पण ते ज्या वृत्तीने माणूस लग्नपत्रिकेतल्या उपाध्या वाचतो त्या वृत्तीने. घोटभर द्राक्षरसात चामडं, तंबाखू, वाळलेले गुलाब आणि ओली पानगळ सापडणाऱ्या मंडळींची मला नेहमी मौज वाटत आली. एकदोन विनोद तयार ठेवूनच मी गेलो होतो. पावलो काहीतरी थाट करील, पेला फिरवील, उजेडाकडे धरील, अशी माझी अपेक्षा होती. त्याने थाट केला नाही. तो स्वच्छ पांढरा शर्ट घालून, हात धुऊन, श्राद्धाला बसावं तसा बसला होता.

ऊन कलू लागलं होतं. चिकूच्या पानांमागे आभाळ फिकट पिवळं झालं होतं. काकी मागच्या खोलीतून आल्या त्या पदराआड काहीतरी धरून, बाळंतिणीच्या खोलीतून मूल बाहेर आणावं तशा, जपून, सावकाश, आणि चेहरा असा की त्याच्याकडे बघणाऱ्यालाही बरं वाटावं. त्यांनी पदर बाजूला केला. बाटलीवरचं नाव पुसट झालं होतं आणि त्यावर पेंढ्याची एक काडी चिकटली होती.

नीताने ती काडी पाहिली. "आई, ही कुठे होती?"

"कुठे म्हणजे? अढीत," काकी म्हणाल्या. "पहिल्यापासून. दर खेपेला पालटली, हो. एका अंगावर नाही राहू दिली."

पावलोने हसून दोन्ही हात पुढे केले, बाटली घेतली, आणि तिच्या काचेभोवती त्याचे तळवे मिटले तेव्हा त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. बाटली कोमट होती. उन्हातून आलेल्या फळासारखी. त्याने नीताकडे पाहून हळूच काहीतरी विचारलं; 'अढी' हा शब्द मला त्यात ऐकू आला. नीताने त्याचं भाषांतर केलं नाही.

बूच आधीच थोडं वर सरकलेलं होतं. ते निघालं तेव्हा आवाज झाला नाही. काकींनी सरबताचे, फुलं काढलेले काचेचे पेले मांडले होते, त्यांत पावलोने ओतलं ते लाल नव्हतं. पाऊस ओसरल्यावर वीटभट्टीच्या खड्ड्यात राहतं तसल्या पाण्याचा तो रंग होता. मला वाटलं, जुनी वाईन अशीच असते. मी पेला नाकाशी नेला. जळलेल्या गुळाचा, आंबलेल्या मनुकांचा आणि त्यामागे कशाचातरी बंद, कोंडलेला वास आला, आणि मी माझा तयार विनोद केला. म्हणालो, "चामडं आलं, तंबाखू आली. आमच्याकडे असा वास आला की आम्ही कपाट सरकवून उंदीर शोधतो."

हसलो मी एकटाच. पावलोने घोट घेतला होता. तो घोट त्याने बराच वेळ तोंडात ठेवला, कुणी आत आहे का म्हणून दारावर टकटक करत राहावं तसा, आणि मग गिळला. त्याची मान खाली गेली. पुन्हा वर आली तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं, सांत्वनाला आलेल्या माणसांसमोर घरच्या माणसाने आणावं तसलं. तो नीताला काहीतरी म्हणाला. नीता म्हणाली, "छान आहे म्हणतो."

तेव्हा काकींनी आपला पेला उचलला. डोळे मिटले. मी ते मिटलेले डोळे आयुष्यभर पाहिले होते. त्यांच्या पापण्यांवर काय उमटतं हे मला वाचता येतं असं मला वाटे. त्या दिवशी तिथे काहीच उमटलं नाही. खोलीत तळाला राहून गेलेलं, हात न पोचलेलं एखादं फळ अनेक दिवसांनी सापडतं, त्याचा वास त्यांना कुणी समजावून सांगायला नको होता. त्यांनी पेला खाली ठेवला. आणि मग त्यांनी एक अगदी जुनी गोष्ट केली, जी भाई गेल्यापासून मी त्यांना करताना पाहिली नव्हती. त्यांनी डोक्यावर पदर घेतला. पडवीत कुणी वडीलधारं येऊन उभं राहिल्यासारखा. मी नकळत दाराकडे पाहिलं. दारात कलतं ऊन होतं.

"नीता," त्या म्हणाल्या, "त्यांना विचार खरं काय ते."

"आई, सांगितलं ना. जुन्या वाईनला असाच वास—"

"तू नको सांगू. तू शाळेतले मार्कपण असेच सांगायचीस."

बागेत कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता, त्याचा एकसुरी आवाज तेवढा मधे राहिला. पावलोला संभाषण किती कळलं असेल कोण जाणे, पण सासू आपल्याकडे बघते आहे, भाषांतराकडे नाही, हे त्याला कळलं. तो शब्द शोधत होता. त्याच्या मराठीचा सगळा साठा या घरच्या स्वयंपाकघरातला, भात, मीठ, पुरे, अजून थोडं. आणि उन्हाळ्यात सकाळी दुधाच्या पातेल्यावर वाकून काकी जो शब्द म्हणत तो.

"आई," तो म्हणाला. "नासली."

पदराच्या सावलीत काकींचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. त्या म्हणाल्या, "हां. बरं केलंस बोललास."

इतक्या वर्षांत त्या त्याच्याशी कधी 'तू' म्हणून बोलल्या नव्हत्या. जावई म्हणून 'ते' होते, 'त्यांना वाढ' होतं, 'त्यांना विचार' होतं. तो आदर कितपत आदर होता आणि कितपत अंतर, हे मी कधी मोजायला गेलो नव्हतो. त्याने त्यांची चूक त्यांच्या तोंडावर सांगितली आणि तो घरचा झाला. माझ्याकडे मात्र इतक्या वर्षांचं शेजारपण होतं आणि ओठांवर उंदराचा विनोद. तो अजून पडवीत कुठेतरी लोंबत होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, हाच त्यांचा मोठेपणा.

"कशानं?" काकींनी विचारलं.

पावलोने तळवा पुढे केला. "उष्ण. उष्ण नको. थंड पाहिजे."

"थंड," काकी म्हणाल्या. तो शब्द त्यांनी एकदा तोंडातल्या तोंडात फिरवून पाहिला.

नीता रडू लागली. "मी सांगायला हवं होतं. मी कच्ची म्हणाले, आई. माझंच चुकलं."

"कच्चीच होती ती. तू कुठे खोटं बोललीस?" काकींचा आवाज कोरडा होता. मग त्या कुणाकडेच न बघता, दारातल्या त्या उन्हाकडे बघत म्हणाल्या, "व्याह्यांनी माझी पोरगी सांभाळली. मला त्यांची एक बाटली सांभाळता आली नाही."

मुलीच्या आईने व्याह्यांपुढे मान खाली घालावी, ही आपल्याकडची एक निरर्थक रीत आहे, आणि मी तिच्यावर अनेकदा तावातावाने बोललो आहे. देणंघेणं, मानपान, रुसवेफुगवे, सगळा पोकळ थाट. पण त्या पडवीत कसला मानपान उरलेला नव्हता. मान घेणारा सातासमुद्रापलीकडच्या मातीत होता. त्याने काही मागितलं नव्हतं आणि त्याच्यापुढे एक बाई शरमेने खाली बघत होती. त्या शरमेत लोक काय म्हणतील याचा अंशही नव्हता. आपल्या मायेने ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर माणसाला जी वाटते, ती ती शरम होती, आणि तिच्यावर कुणाकडे उतारा नसतो. रागाने केलेल्या चुकीची क्षमा मागता येते. जिवापाड जपून केलेल्या चुकीची क्षमा कोणत्या तोंडाने मागायची?

पावलोने नीताला काकींच्या वाक्याचा अर्थ विचारला. तिने सांगितला. तो 'काही हरकत नाही' म्हणाला नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. त्याने पेला उचलला आणि उरलेली वाईन प्यायला, यावेळी चेहरा न लपवता, तिच्या कडू आंबटपणाने तोंड जसं वाकडं व्हायचं तसं होऊ देत. मग काकींनीही आपला पेला उचलला. स्मशानातून परतल्यावर दारात कडुनिंबाचं पान चावतात, चवीसाठी नाही आणि औषध म्हणूनही नाही, तसे आम्ही चौघेजण ती प्यायलो. कुणी टाकली नाही. बाटली रिकामी झाली तेव्हा ऊन पडवीच्या पायरीवरून खाली उतरलं होतं आणि काकी पेले गोळा करून आत घेऊन गेल्या. नीताने धुवायला मागितले तर त्यांनी दिले नाहीत.

पोरं परत गेल्यावर काकी बरेच दिवस अढीच्या खोलीत गेल्या नाहीत. असं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. कामाला येणाऱ्या बाया फळं रचत होत्या, पालटत होत्या. बागेचं काम कुणासाठी थांबत नाही. पण काकी पडवीत बसून असत, आणि फळ हातात दिलं तर न दाबता बाजूला ठेवत. मी जाऊन बसे. इकडचं तिकडचं बोलणं होई, मसोलीच्या रस्त्याचं, पिकाचं, थंडी यंदा उशिरा आल्याचं. त्यांच्या पदराचा वास फिका पडत चालला होता आणि तो नसताना त्या मला कुणी परक्या वाटत.

एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "भाऊ, नीट राहिली असती तर ती कशी लागली असती रे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"पावलोला विचारलं मी. तो म्हणाला, त्या सालातली तो कधी प्यायलाच नाही. बाप म्हणायचा, थांब अजून." त्यांनी पदर सारखा केला. "दुसरी कुठे मिळेल म्हणतात. पैसे टाकले की मिळेल. पण ती त्यांनी दिलेली नव्हे."

त्यांना वाईनची चव विचारायची नव्हती. आपल्या मुलीच्या उशाशी बसलेला, कधी न भेटलेला एक डोंगरातला माणूस कसा होता हे त्यांना विचारायचं होतं, आणि त्याच्याविषयी विचारायला त्यांच्याकडे ती एकच वस्तू होती. मी पुस्तकं वाचतो. त्यांतलं एकही वाक्य मला त्या वेळी त्यांना द्यावंसं वाटलं नाही. आम्ही दोघं अंधारत चाललेल्या बागेकडे बघत बसून राहिलो, आणि मला माझी स्वतःची गेलेली माणसं एकेक करून आठवू लागली. माझ्या मनाच्या उबेत इतकी वर्षं पालटत पालटत मी त्यांचं काय करून ठेवलं असेल, ते कळायला मार्ग नव्हता. गेलेल्या माणसाला आपण आपल्याला येतं तसंच जपतो, आणि त्या जपण्यात त्याचं काय हरवलं हे सांगू शकणारा एकटा तोच असतो.